जाळीमागचा बसून

‘बसून’ हे वाद्याचं नाव ऐकून मराठी माणसाला हसू येणारच. (वाद्यवृंदात ते वाजवतातही बसूनच!) सनईसारखीच दुहेरी पत्ती, पण नळी सुमारे आठ फुटांची, मधोमध दुमडलेली, आवाज खर्जातला. हे धूड पुरुषांनीच पेलावं, असा समज पुष्कळ वर्षं होता.

आणि तरीही अठराव्या शतकात व्हेनिसच्या अनाथाश्रमांतल्या मुली ते वाजवत होत्या. त्यांतल्या ‘पिएता’ आश्रमात विवाल्दी १७०३पासून व्हायोलिन शिकवू लागला. १७३९मध्ये आलेल्या शार्ल द ब्रॉस या फ्रेंच प्रवाशाला तर वाटलं, की कितीही मोठं वाद्य असो, या मुली त्याला भीत नाहीत. मात्र वाजवायचं ते जाळीमागे, श्रोत्यांच्या नजरेआड. आडनाव नाही, नावाला वाद्य जोडलेलं. ‘व्हायोलिनवाली आना मारिया’, तसं.

विवाल्दीने बसूनसाठी ३९ कन्चेर्तो लिहिले, व्हायोलिनखालोखाल सर्वाधिक. त्याचंच नाव घेऊन निकोलासा कस्टर आणि क्रिस्टिन वुल्फ जेन्सन या अमेरिकेतल्या दोन बसूनवादक प्राध्यापिकांनी तरुणींसाठी ‘मेग क्विग्ली विवाल्दी स्पर्धा’ सुरू केली. पुढे स्त्री किंवा पुरुष यांपैकी कोणत्याच चौकटीत स्वतःला न बसवणाऱ्या वादकांनाही तिथे प्रवेश मिळाला.

मुलींची स्पर्धा वेगळी कशाला, असं आधी मलाही वाटलं होतं. मग कळलं, की व्हिएन्ना फिलहार्मोनिकने स्त्रियांना सभासद करून घेतलं ते थेट १९९७मध्ये. मी गप्प बसले.

इथे मुलगी मंचावर येते. समोर जाळी नसते. आणि तिला पुकारतात ते आडनावासकट.