तेरा दिवसांचा दाखला

8 जुलै 1918. तुम्ही उत्तर फ्रान्समध्ये, ब्रियास गावाजवळच्या विमानतळावर उभे आहात. विमानतळ म्हणजे गवताचा सपाट माळ आणि कापडी तंबू. समोर रॉयल एअर फोर्सच्या चाळीस क्रमांकाच्या स्क्वाड्रनची एसई-5ए विमाने ओळीने उभी आहेत. पुढे होऊन एकाच्या पंखावर टिचकी मारा. डफावर थाप पडल्यासारखा आवाज येतो, कारण आत लाकडाचा सांगाडा आहे आणि वर फक्त ताणलेले, लुकण चढवलेले कापड.

विमानात चढतो आहे तो इंद्रलाल रॉय. वय एकोणीस, जन्म कलकत्त्याचा, शिक्षण लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत. सोबती त्याला ‘लॅडी’ म्हणतात. भरतीच्या वेळी नजर अधू म्हणून त्याला नाकारले, तेव्हा त्याने मोटारसायकल विकली आणि त्या पैशांतून नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून डोळे पुन्हा तपासून घेतले. गेल्या डिसेंबरात त्याचे विमान कोसळले. मेला असे समजून त्याला शवागारात ठेवले होते आणि शुद्धीवर आल्यावर त्याने आतून दार ठोठावले, असे सांगतात. डॉक्टरांनी उड्डाणाला अपात्र ठरवले, तरी हट्टाने पाठपुरावा करून तो आघाडीवर परतला आहे.

विमानात एकच आसन आहे, पण तुम्ही काळाचे प्रवासी. त्याच्या पाठीशी बसा. मेकॅनिक पंखा फिरवतो, इंजिन धडधडू लागते, माळ खाली सुटतो. डोक्यावर छत नाही. वर जाल तसा वारा गाल कापत जातो, बोटे बधिर होतात. एक मशीनगन समोर, दुसरी वरच्या पंखावर. वरच्या गनमधल्या गोळ्या संपल्या की दांडा गुडघ्यांत धरून, हात वर करून नवा ड्रम चढवायचा, आणि तेवढ्यात शत्रू मागे आलेला असू शकतो. पॅराशूट नाही; ब्रिटिश वैमानिकांना ते दिलेलेच नाही. विमान पेटले तर सुटका नाही, हे तुमच्या पुढ्यातल्या पोराला पक्के ठाऊक आहे. आज चार तासांच्या आत तो तीन जर्मन विमाने पाडतो.

उतरल्यावर त्याच्यासोबत कागदापाशी थांबा. कुठे, किती वाजता, किती उंचीवर, शत्रूचे विमान कोणते, कोणी पाहिले, हे सारे अहवालात लिहायचे असते. तो अहवाल वर जातो, तपासला जातो, मगच विजय मोजला जातो. 6 ते 19 जुलै या काळात त्याच्या नावावर असे दहा विजय लागतात.

अशा पराक्रमासाठी असलेले डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे पदक या जुलैत जेमतेम महिन्याचे आहे. रॉयल एअर फोर्सची स्थापना 1 एप्रिलची, पदकाची 3 जूनची. चांदीच्या क्रूसावर विमानाचे पंखे कोरलेले, फितीवर पांढरे-जांभळे आडवे पट्टे. पुढल्या वर्षी ते तिरपे होतील. शत्रूविरुद्धच्या उड्डाणात दाखवलेल्या शौर्यासाठी ते अधिकाऱ्यांना मिळते.

आता 22 जुलै. कारव्हाँच्या आकाशात फोकर विमानांशी झुंज होते आणि इंद्रलाल परतत नाही. दोन महिन्यांनी, 21 सप्टेंबरला, लंडनच्या गॅझेटमध्ये त्याच्या नावापुढे हे पदक छापले जाते. ते मिळवणारा तो पहिला भारतीय. तेरा दिवसांत, गॅझेटच्या मोजणीप्रमाणे, शत्रूची नऊ विमाने निकामी करणारा निर्भय, निश्चयी अधिकारी, अशी नोंद साम्राज्य स्वतःच्या छापखान्यात करते.

ही नोंद मोलाची का, हे समजायला त्या काळच्या सैन्यात डोकावा. लढाऊ अधिकारी म्हणून राजाचे कमिशन मिळण्याचा दरवाजा भारतीयांसाठी 1917 मध्ये कुठे किलकिला झाला होता. भारतीय माणूस नेतृत्वाला कमी पडतो, हे गोऱ्या अधिकाऱ्यांचे लाडके मत. त्या मताला सरकारी गॅझेटनेच दिलेले उत्तर म्हणजे हा क्रूस. तरीही भारतीय वायुसेना उभी राहायला 8 ऑक्टोबर 1932 उजाडावा लागला. पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर करुण कृष्ण मजुमदार आणि अर्जन सिंग यांनी हेच पदक मिळवले, तेव्हा ते भारतीय वायुसेनेचे अधिकारी होते.

परतण्याआधी थोडे दक्षिणेला, अमियाँजवळच्या हाँगारच्या दफनभूमीत चला. इथे मुंबईचा श्रीकृष्ण वेलिंगकर विसावला आहे. 27 जून 1918 रोजी तो डॉल्फिन विमान घेऊन गेला, पाडला गेला आणि तीन दिवसांनी जर्मनांच्या कैदेत वारला. त्यानेही तीच थंडी सोसली, तोही पॅराशूटविनाच उडाला. त्याच्या वाट्याला पदक आले नाही. पदकासाठी धैर्याबरोबर साक्षीदार लागतो, अहवाल लागतो, आणि पुष्कळदा आणखी काही दिवसांचे आयुष्य लागते.

आज आपल्या देशाचे स्वतःचे वायुसेना पदक आहे. 1960 साली सुरू झालेल्या या पदकाच्या फितीवर राखी आणि केशरी तिरपे पट्टे आहेत. प्रजासत्ताकदिनी शौर्यपदकांची यादी प्रसिद्ध होते तेव्हा नावे वाचून थांबू नका. कोणत्या शौर्यासाठी पदक दिले, तो मजकूरही वाचा, मुलांना वाचून दाखवा. आणि वेलिंगकरांसारख्यांची नावे पदकांच्या कुठल्याच यादीत सापडणार नाहीत, म्हणून ती आपण लिहून ठेवायला हवीत.