शेजाऱ्यांनी दूर ठेवलेला संघ

अमेरिकेतील इंडियाना राज्यात, साउथ बेंड शहरालगत, होली क्रॉस संघाचे फादर एडवर्ड सोरिन ह्यांनी १८४२ साली पवित्र मरियेच्या नावाने एक शिक्षणसंस्था स्थापन केली. तेच आजचे नोटर डेम विद्यापीठ. त्याच्या फुटबॉल संघाची कीर्ती आमच्या काही वाचकांच्या कानी आली असेल. हा फुटबॉल आपल्या मुलांचा नव्हे. लांबट चेंडू हाती धरून धावायचे, तो पुढे फेकायचा आणि प्रतिपक्षाने चेंडूवाल्याला अंगावर घेऊन पाडायचे, असा तो राकट खेळ. आम्हांला त्यातील डावपेचांपेक्षा त्यामागील इतिहासाचे मोल अधिक वाटते.

१८८७ साली मिशिगन विद्यापीठाच्या खेळाडूंनीच नोटर डेमला हा खेळ शिकवला. १९०९ साली शिष्यांनी गुरूंना ११-३ असे हरवले. पुढल्या वर्षीचा सामना मिशिगनने रद्द केला आणि १९४२ पर्यंत उभय संघ पुन्हा भेटले नाहीत. त्या प्रदेशातील मोठ्या विद्यापीठांच्या परिषदेनेही नोटर डेमला सभासदत्व नाकारले. कारण खेळाडूंच्या पात्रतेचे सांगितले जाई. ते सर्वस्वी खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु कॅथलिकांविषयीची अढीही त्यामागे होतीच. मग प्रतिस्पर्धी शोधण्यासाठी आगगाडीने दूरदूर जाणे आले. १९१३ साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी संघाला त्यांनी ३५-१३ असे नमवले. त्या दिवशी गस डोरे ह्याचे लांब पल्ल्याचे चेंडू झेलणारा नूट रॉकनी पुढे १९१८ साली मुख्य प्रशिक्षक झाला. तो नॉर्वेत जन्मलेला ल्युथरन; १९२५ साली कॅथलिक झाला. संघ जेथे जाई तेथील आयरिश, पोलिश, इटालियन कष्टकरी कुटुंबे, ज्यांतील कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते, त्याला आपला मानू लागली.

१९२४ च्या हंगामाकडे ती सारी डोळे लावून बसली होती. मागील दोन वर्षांत हा संघ केवळ नेब्रास्काकडून हरला होता. परंतु हंगामापूर्वीच, मे महिन्यात, निराळाच सामना दारी आला. कॅथलिक, ज्यू व कृष्णवर्णीयांचा द्वेष करणाऱ्या कू क्लक्स क्लानने १७ मे रोजी साउथ बेंडमध्ये मेळावा भरवला. विद्यार्थी रस्त्यावर उतरले. क्लानवाल्यांचे झगे व टोप्या त्यांनी फाडल्या. १९ मेच्या रात्री पुन्हा हाणामारी झाली. तेव्हा विद्यापीठाचे अध्यक्ष फादर मॅथ्यू वॉल्श न्यायालयासमोरील स्मारकावर चढले व त्यांनी विद्यार्थ्यांना समजावून परत नेले. आम्हांला त्या हंगामातील ही खरी मोठी कामगिरी वाटते.

१८ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये लष्करी संघ १३-७ असा हरला. पत्रकार ग्रँटलँड राइस ह्यांनी स्टुल्ड्रेहर, मिलर, क्रॉली व लेडन ह्या चौघांना 'चार घोडेस्वार' म्हटले. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायातील स्वार बातमीत अवतरले, हे आम्हांस गमतीचे वाटते! नोव्हेंबरात क्लानचा पाठिंबा असलेले एड जॅक्सन इंडियानाचे राज्यपाल म्हणून निवडून आले. त्याच महिन्यात नोटर डेमने नेब्रास्काला ३४-६ असे हरवले. १ जानेवारी १९२५ रोजी कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डवर २७-१० असा विजय मिळवून दहाही सामने जिंकल्याची नोंद झाली.

'फायटिंग आयरिश' हे शब्द पूर्वी विरोधक हिणवण्यासाठीही वापरीत. १९२७ साली फादर वॉल्श ह्यांनी तेच संघाचे अधिकृत नाव केले.