जमा, नावे आणि तपशील

गेली बावीस वर्षं मी रोज सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच लिहितो आहे. एवढं सातत्य मराठीतल्या फार थोड्या लेखकांनी दाखवलं असेल. दुःख एवढंच, की माझं लेखन मन लावून वाचणारा इसम वर्षातून एकदाच येतो. त्याला ऑडिटर म्हणतात, आणि ‘वा, काय लिहिलंय!’ असं तो आजवर कधी म्हणालेला नाही.

आमच्या धंद्यात खरं खपणारं पुस्तक एकच, पासबुक. तेही लोक शेवटच्या ओळीपासून वाचतात. शिल्लक बघितली की पुस्तक मिटलं. वास्तविक तारीख आणि रक्कम यांच्या मध्ये ‘तपशील’ नावाचा एक रकाना असतो आणि सगळी गंमत त्यात असते. पण तो वाचतो कोण? पैसे कुठे गेले हे ज्याच्या बायकोनं विचारलंय, तो!

अशा या उपेक्षित लेखकाची बदली कुरुंद्याला झाली. कुरुंदा म्हणजे हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातलं मोठं गाव. मी शाळेत होतो तेव्हा ते परभणी जिल्ह्यात होतं; १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे सौ.ने बदलीचं गाव परभणीच्या यादीत शोधलं, ते सापडलं नाही, आणि ‘हे गाव नाहीच, बदली रद्द समजा’ असा निकाल तिने परस्पर देऊन टाकला. गाव होतं. टोकाईची टेकडी होती, हळदीची शेतं होती, आणि हंगामात नोटांनासुद्धा हळदीचा वास येत होता.

२०२२ च्या उन्हाळ्यात गावातली चार उत्साही पोरं काउंटरशी आली. त्यांना स्मरणिका काढायची होती.

“साहेब, गावाचा इतिहास तुम्ही लिहा.”

“अहो, मी बी.कॉम. झालेला माणूस. इतिहास मीच कामून?” (मलाही तोवर ‘कामून’ लागला होता.)

“तुमचं अक्षर चांगलंय.”

एवढ्या भांडवलावर मराठीत पुष्कळ इतिहास लिहिला गेलेला आहे, असा विचार करून मी होकार दिला. आठ दिवस बसून बारा पानं लिहिली. सुरुवात अशी होती : ‘इतिहासाच्या विशाल पटलावर दृष्टिक्षेप टाकला असता असे निदर्शनास येते की...’ मग सातवाहन आले, यादव आले, बहामनी आले. ते सगळे आपापल्या परीने येऊन गेले. लेख मी आमच्या रोखपालाला वाचायला दिला. त्याने अंगठा ओला करून पानं झरझर उलटली आणि परत केली.

“कसा वाटला?”

“बारा आहेत. बरोबर.”

आमचा शिपाई मात्र दोन दिवस घेऊन बसला. त्याने प्रामाणिकपणे विचारलं, “साहेब, ह्याच्यात कुरुंदा कितव्या पानावर येतंय?”

नवव्या पानावर येत होतं.

शेवटी एक निवृत्त गुरुजी पेन्शनसाठी आले असता त्यांना मी विचारलं, की लोकांनी वाचावं असं लिहायचं तरी कसं? ते म्हणाले, “या गावाच्या नावाचा माणूस महाराष्ट्रानं वाचला, आणि तुम्ही सातवाहनांकडं कशाला गेलात?” मी खजील झालो. नरहर कुरुंदकर आडनावानेच कुरुंद्याचे. तेव्हा आधी त्यांच्याकडे जावं, पण वाटेत आणखी कोणकोण वाचलं गेलं आणि का, हेही बघावं, असा निश्चय मी केला. मार्चएंड नुकता संपला होता, वेळही होता.

सुरुवात ‘दर्पण’पासून. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ते मुंबईत काढलं. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी, असे शेजारीशेजारी दोन रकाने. बघितल्याबरोबर मला खातेवहीचीच आठवण झाली. कुठला रकाना जमेचा आणि कुठला नावेचा, एवढाच प्रश्न. जेमतेम विशीतल्या त्या तरुणाने लोकांना ज्ञान मिळावं म्हणून ही खटपट केली, आणि १८४० पर्यंत ती चालवली. तोवर मराठी माणसाला छापलेला कागद विकत घेऊन वाचायची सवयच नव्हती. सवय लावणाऱ्याला नफा होत नसतो. तो पुढे टपरी टाकणाऱ्यांना होतो.

मग १८४८. मुंबईच्या ‘प्रभाकर’ पत्रात भाऊ महाजनांनी एका तरुणाची पत्रं छापायला सुरुवात केली. खाली सही ‘लोकहितवादी’. हे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकर होते, वय पंचवीस. टोपणनावाचं मोल नोकरदाराइतकं कुणाला कळणार? आपण मागे का पडलो, आपण वाचत का नाही, बायकांचे हाल का करतो, असे एकेक प्रश्न घ्यायचे आणि पत्र संपवायचं. पत्रं भरली १०८, पण नाव पडलं शतपत्रे. वरची आठ आमच्याकडच्या व्याजासारखी समजावीत. इथे मला पहिली गोष्ट उमगली. माझी बारा पानं कुणालाच उद्देशून नव्हती. पत्र कुणाला तरी असतं.

त्यानंतर १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आले आणि त्यांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. हे मास्तर. सात वर्षांत ८४ अंक, आणि जवळजवळ सगळा मजकूर एकट्याचा! आमच्याकडे तीन काउंटरांचं काम एकाला दिलं तर युनियन उभी राहते. शास्त्रीबुवांचं वाक्य लांब, पण त्यातला माणूस थेट अंगावर येऊन बोलतो. त्यांनी लोकहितवादींचा असा काही समाचार घेतला, की आज एका लेखकाने दुसऱ्याचं इतकं बारकाईने वाचलेलं आढळत नाही. त्यांचं पटलं नाही तरी उठून जाता येत नाही. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, १८८२ मध्ये, ते गेले. त्या वयात मी खातेदारांना ‘उद्या या’ म्हणायला शिकत होतो.

पण मला मनापासून जवळचे वाटले ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. वऱ्हाडात वकिली करणारा माणूस, म्हणजे तसे आमचे शेजारीच. १९०२ साली त्यांनी विनोदी लेख लिहायला घेतले आणि पहिला विषय काय निवडला? ‘साक्षीदार’! सातवाहन नव्हे, मोगल नव्हे. कोर्टात रोज डोळ्यांसमोर उभा राहणारा माणूस. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या तिघांना घेऊन ते खोट्या धर्मसमजुतींवर हसले, पण फजिती होते ती मुख्यतः या तिघांचीच. आधी अठरा लेख झाले, त्यांचं कडबोळं झालं. पुढे बत्तीस झाले आणि १९२३ साली ‘सुदाम्याचे पोहे’ नावाने सगळे एका ताटात आले. दुसरी गोष्ट उमगली : आपल्याला जे रोज दिसतं ते लिहावं, आणि हसायचंच तर पहिला नंबर आपला लावावा.

१९२६ साली निघालेल्या ‘रत्नाकर’ मासिकात ना. सी. फडक्यांनी गुजगोष्टी सुरू केल्या, आणि विषय लहान असला तरी चालतो हे सिद्ध झालं. याचा एक तोटाही झाला. पुढे ज्याच्या त्याच्या हरवलेल्या छत्रीवर लेख येऊ लागला. छत्री परत मिळाली की पुन्हा लेख. मी याच परंपरेतला, त्यामुळे अधिक बोलत नाही.

इथवर सगळं पुण्या-मुंबईकडचं आणि वऱ्हाडातलं झालं. तेव्हा आमच्या भागात निजामाचं राज्य होतं, ते १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. त्या काळात आनंद कृष्ण वाघमाऱ्यांनी पुण्याहून ‘मराठवाडा’ नावाचं साप्ताहिक काढलं. निजाम सरकारने बंदी घातली, की तेच पत्र नवं नाव घेऊन हजर. पुन्हा बंदी, पुन्हा नवं बारसं. एकाच माणसाने वेगवेगळ्या नावांनी खाती उघडणं आम्हाला नामंजूर आहे, पण इथे मी हात जोडले. विचार करा, ते वाचणाऱ्या माणसाला त्यात काय हवं असेल? अक्षर? अलंकार? सापडला तर शिक्षा, हे माहीत असून तो वाचायचा. कारण जे त्याच्या घरादारावर गुदरत होतं, ते त्या कागदावर होतं.

आणि मग कुरुंदकर. जन्म १५ जुलै १९३२, नांदापूरचा. इंटरच्या परीक्षेत ते एकदा नव्हे, अनेकदा नापास झाले. आधी नांदेडला शाळेत मास्तर, मग पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य. (मी बी.कॉम. पहिल्या फटक्यात पास झालो. माझं काय चुकलं ते आता ध्यानात आलं.) रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला त्यांची जी गाजलेली प्रस्तावना आहे, ती मुळात त्यांनी देसाईंना लिहिलेलं पत्र! शिवाजी महाराजांसारखा विषय, केवढा थोर, पण मांडणी कशी? समोर बसलेल्या एका मित्राला शंका विचाराव्यात, पुरावे दाखवावेत, ‘हे बघा, हे असं असणार’ म्हणावं, तशी. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला व्यासपीठावरच त्यांचा अंत झाला. तेव्हा पन्नाशीही उलटली नव्हती. पुन्हा पत्रच! लोकहितवादींपासून फिरत फिरत मी कुरुंद्याला आलो तो पत्राशीच.

हे सगळं टिपणवहीत उतरवून नवा लेख लिहायला बसणार, तोच जुलै उजाडला. त्या जुलैत कुरुंद्याला पूर आला, तो गावाला ठाऊक आहे. रातोरात पाणी घराघरांत शिरलं. माझ्या भाड्याच्या खोलीतही आलं आणि सातवाहनांसह बारा पानं घेऊन गेलं. गावाच्या नुकसानीत ते धरायचं कारण नाही.

पाणी ओसरल्यावर एक आजी शाखेत आल्या. पासबुक भिजून त्याची चपाती झाली होती. ते बदलून दिलं, तर म्हणाल्या, “नुकसानीचा अर्ज लिहून दे लेकरा.” मी लिहिला : ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अतिवृष्टीमुळे अर्जदाराच्या स्थावर व जंगम मालमत्तेची हानी...’ आणि वाचून दाखवला.

आजी बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, “ह्याच्यात माझं घर कुठंय?”

शिपायाने विचारलेलाच प्रश्न. कागद फाडला. म्हटलं, “आजी, तुम्ही सांगा. मी लिहितो.” आजी सांगू लागल्या. रात्री शेळी वरडली म्हणून जाग आली. खाटेखाली हात घातला तर पाणी. दिवा गेलेला. भाव येईल म्हणून ठेवलेली पाच पोती हळद खाली, ती तशीच राहिली. शेळीला खांद्यावर घेऊन शिडीनं धाब्यावर चढले. उजाडलं तर वाड्यातलं पाणी पिवळं दिसत होतं. “तवा कळलं बाबा, माझी हळद कुठं गेली ते.”

मी एक शब्द घातला नाही, फक्त तारीख घातली आणि पोत्यांचा आकडा अक्षरी लिहिला. ती सवय जात नाही.

अर्ज द्यायला मी आजींसोबत गेलो. टेबलावर अर्जांचा ढीग होता. तिथल्या तरुण कारकुनाने आमचा कागद उचलला, शिक्का मारायला हात वर नेला आणि तो हात तसाच राहिला. त्याने अर्ज शेवटपर्यंत वाचला. मग शिक्का मारला, ढिगात नीट ठेवला, आणि मान वर करून विचारलं, “आजी, मग शेळीचं काय झालं?”

मंडळी, बावीस वर्षांत माझ्या लिखाणावर ‘पुढं काय झालं?’ असं विचारणारा तो पहिला वाचक! भरपाई हळदीची मिळते, वाक्याची मिळत नाही, हे मला कळतं. तो कागद पुढे सरकला असेल तो नियमानेच सरकला असेल. पण ज्या ढिगात सगळे ‘उपरोक्त’ एकमेकांवर निजले होते, तिथे एक बाई आपल्या घरासकट उभी होती, एवढं मी पाहिलं.

पोरांना मी आजींच्या परवानगीने तोच मजकूर दिला. वर ‘कुरुंद्याचा इतिहास’ असं नाव घातलं. रोखपालाने तो वाचला. या खेपेला त्याने पानं मोजली नाहीत. अर्थात पान एकच होतं.

आणि हो, शेळी खुशाल आहे. दिवाळीला तिला दोन करडं झाली. ही नोंद अर्जात करायची राहिली होती, म्हणून इथे तपशिलात केली.