पडद्याआडची परीक्षा, पडद्यावरची परीक्षा



गेल्या पावसाळ्यात आमच्या गटाच्या मासिक बैठकीत कर्जाचा एक वेगळाच अर्ज आला. आजवर आम्ही शेळीसाठी कर्ज दिलं, शिलाई मशीनसाठी दिलं, बियाण्यासाठी, बाळंतपणासाठी, दवाखान्यासाठी दिलं. या वेळी आमच्या एका सभासद ताईंनी तीन हजार रुपये मागितले आणि कारणाच्या रकान्यात लिहायला सांगितलं, "मुलीची ऑडिशन." मुलगी सातवीत. शाळेत गाते, हरिपाठात गाते, गणपतीत गाते. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेसाठी पुण्यात लहान मुलांची निवड होणार होती.

बैठक थोडा वेळ गप्प झाली. कारण आदल्याच रविवारी आम्ही दहा-बारा जणी एका घरात बसून ऑडिशनचाच कार्यक्रम बघत होतो. एक माणूस बेसूर गात होता. परीक्षक तोंडावर कागद धरून हसत होते, आणि इकडे आम्हीही पदर तोंडाला लावून हसत होतो. ही मुलगीही तिथंच बसलेली होती. आता तीच त्या जागी उभी राहणार म्हटल्यावर आमच्यातल्या कुणालाच हसू येईना.

कर्ज द्यायचं की नाही हे ठरवायला आम्हाला दोन बैठका लागल्या. त्या निमित्तानं आम्ही थोडं वाचलं, जुन्या बायकांना विचारलं. आवाजाची परीक्षा ही भानगड आली कुठून, ती घेतं कोण आणि त्यात बाईचं काय झालं, हे आज तुम्हाला सांगतो.

बाईचं गाणं आपल्याकडे पहिल्यापासून आहे. जात्यावर ओवी म्हणायला कुणी परीक्षा घेतली नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. पण हे गाणं उंबऱ्याच्या आतलं. उंबऱ्याबाहेर चार माणसांत गायचं, नाचायचं, तर ते कलावंतिणीचं नाहीतर तमाशातलीचं काम. घरंदाज बाईनं ते करायचं नाही. नाटकातसुद्धा बाईचं काम पुरुषच करत. बालगंधर्वांची नावाजलेली सगळी स्त्रीपात्रं आपल्याला ठाऊक आहेतच. १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक या दोघी रंगमंचावर आल्या, तेव्हा ती मोठी बातमी झाली होती.

त्याच्याही थोडं आधी हिराबाई बडोदेकर पुढे आल्या. त्यांचा जन्म १९०५ चा. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतात. लोक गाणं ऐकायला येत, तसेच बाई गाते कशी, बसते कशी, हे बघायलाही येत. म्हणजे परीक्षा होतीच, पण ती नुसत्या सुराची नव्हती.

मग रेडिओ आला. मुंबईचं केंद्र १९२७ मध्ये सुरू झालं. सुरुवातीला ग्रामोफोनवर आणि रेडिओवर गायला तयार कोण झालं? ज्यांना घरंदाज लोक नावं ठेवत, त्याच बैठकीत गाणाऱ्या बायका. गौहर जान यांच्या गाण्याची तबकडी निघाली १९०२ मध्ये. या बायकांनी रेडिओला आवाज दिला. पुढे १९४० च्या दशकात मात्र सरकारी धोरण असं आलं की ज्यांचं खाजगी आयुष्य लोकांत बदनाम आहे, अशांना आकाशवाणीवर बोलवायचं नाही. कितीतरी चांगल्या गायिकांना त्यामुळं दार बंद झालं. सूर चुकला म्हणून नव्हे, जन्म कुठल्या घरात झाला म्हणून. मैत्रिणींनो, ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. चाळणी लावली की चाळलं काय जातंय, हे बघावं लागतं.

१९५२ मध्ये बा. वि. केसकर हे मराठी गृहस्थ केंद्रात नभोवाणी मंत्री झाले. त्यांच्या काळात आकाशवाणीवर गाणाऱ्यांची रीतसर चाचणी सुरू झाली. तिची पद्धत ऐकण्यासारखी आहे. गाणारा एका बाजूला, परीक्षक दुसऱ्या बाजूला आणि मध्ये पडदा. परीक्षकांना चेहरा दिसायचा नाही, वशिला लागायचा नाही. आवाज ऐकायचा आणि श्रेणी द्यायची. नावाजलेल्या उस्तादांना आणि पंडितांना याचा राग आला. आयुष्यभर गायलो, आता आमची परीक्षा घेणार कोण, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या रागातही तथ्य होतं. पडद्यानं चेहरा झाकला, पण परीक्षकाची आवड झाकली नाही. शास्त्राचे प्रश्न विचारले जात. ज्यानं कानानं गाणं उचललं, त्याला रागाची नावं कुठून येणार? केसकरांनी सिनेमाच्या गाण्यांवरही कात्री चालवली. मग लोक रेडिओ सिलोन ऐकू लागले, आणि अखेर १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली.

हे सगळं बोलत होतो तेव्हा आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्क आजी एकदम म्हणाल्या, "म्या दिली हाय की ती परीक्षा." आम्ही बघतच राहिलो. आजींच्या माहेरच्या भजनी मंडळानं आकाशवाणीला अर्ज केला होता. सहा जणी एसटीनं गेल्या. काचेची खोली, समोर माईक, पलीकडं कोण बसलंय ते काही दिसेना. दोन भजनं म्हटली आणि परत आल्या. महिन्याभरानं पाकीट आलं. निवड झाली नाही, ठरावीक काळानं पुन्हा अर्ज करता येईल, असं लिहिलेलं. "कुणाला कळलं?" आम्ही विचारलं. आजी म्हणाल्या, "पोस्टमनला आन् आमाला. सासूला सांगितलं, पुन्यांदा बोलावलंय." झाकली मूठ सव्वा लाखाची! त्या भजनी मंडळानं पुढं पंधरा वर्षं गावोगाव भजनं केली. नापास झालो होतो हे कुणाच्या गावीही नव्हतं.

स्पर्धा तेव्हाही होत्या. मेट्रो-मर्फी नावाची गाण्याची अखिल भारतीय स्पर्धा १९५७ च्या सुमारास गाजली. नौशाद, सी. रामचंद्र, वसंत देसाई अशी मंडळी परीक्षक. त्यातून महेंद्र कपूर पुढे आले, आरती मुखर्जी पुढे आल्या. लोकांना माहीत झाले ते जिंकलेले. बाकीचे आपापल्या घरी गेले.

टीव्हीवरच्या स्पर्धांची सुरुवातही अशीच झाली. १९९५ मध्ये झी टीव्हीवर 'सा रे ग म' आलं, सूत्रसंचालक होता सोनू निगम. १९९६ मध्ये दूरदर्शनवर 'मेरी आवाज सुनो' आलं, त्यात सुनिधी चौहान जिंकली, तेव्हा ती शाळकरी वयाची होती. त्याच वर्षी नाचासाठी 'बूगी वूगी' सुरू झालं. श्रेया घोषालही 'सा रे ग म'मधूनच पुढे आली, आणि २००२ च्या 'देवदास'मध्ये तिचा आवाज देशभर गेला. या कार्यक्रमांत आपल्याला दिसायचे ते निवडलेले गायक. निवड कशी झाली, कोण गळालं, ते पडद्यामागं राहायचं.

बदल झाला २००४ मध्ये. इंग्लंडमध्ये २००१ ला 'पॉप आयडॉल' नावाचा कार्यक्रम निघाला होता. त्याच धर्तीवर आपल्याकडे 'इंडियन आयडॉल' आलं. पहिल्या वर्षी आपला मुंबईचा मराठी मुलगा अभिजीत सावंत जिंकला, म्हणून आपल्याला त्याचं कौतुक. पण या कार्यक्रमानं एक नवी गोष्ट केली. ऑडिशन हाच कार्यक्रम केला. लांबच लांब रांगा, रडणाऱ्या आया, दार उघडून उड्या मारत बाहेर येणारी पोरं, आणि ज्यांना गाता येत नाही त्यांची फजिती. पूर्वी पाकिटातून घरी यायचा तो नकार आता देशासमोर तोंडावर दिला जाऊ लागला.

यातली एक मेख आम्हालाही उशिरा कळली. आपल्याला वाटतं, रांगेतला प्रत्येक जण त्या मोठ्या परीक्षकांसमोर जातो. तसं नसतं. हजारो माणसं येतात, तेव्हा आधी कार्यक्रमाची साधी माणसं ऐकतात. त्यातून निवडलेले पुढे जातात. फार चांगले पुढे जातात, आणि काही फार वाईट गाणारेही मुद्दाम पुढे पाठवले जातात. म्हणजे ज्याला आपण हसतो, त्याला हसण्यासाठीच आत सोडलेलं असतं. त्याला मात्र वाटत असतं, आपण आवाजावर इथवर आलो. आपण धान्य पाखडतो तेव्हा पोचट दाणा बाजूला पडतो, पण त्याला हसत कुणी बसत नाही.

असं असलं तरी या स्पर्धांनी काही दिलंच नाही, असं आम्ही म्हणणार नाही. २००८-०९ चा झी मराठीवरचा 'लिटल चॅम्प्स' आठवा. तेव्हा भारनियमन इतकं होतं की ज्यांच्या घरी इन्व्हर्टर, त्यांच्या घरी अख्खी आळी. आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली तेव्हा आमच्या गावात फटाके वाजले होते. अभंग आणि गवळण गाणारी आपल्यासारख्याच घरातली पोर, महाराष्ट्राची महागायिका! त्यानंतरच गावातल्या कितीतरी बापांनी पोरींना पेटीच्या क्लासला घातलं. त्याच २००९ मध्ये विदर्भातल्या वैशाली माडे हिंदी 'सा रे ग म प' जिंकल्या. लग्न झालेली बाई माईकसमोर उभी राहते आणि देश तिला मत देतो, हे आमच्यातल्या कित्येक सुनांनी पहिल्यांदा तिथं बघितलं. हिराबाईंपासून वैशालीपर्यंत बाईनं किती वाट चालली, बघा. आणखी एक. 'लिटल चॅम्प्स'मध्ये शेवटी पाच मुलं होती, पंचरत्नं म्हणत त्यांना. पहिली आली एकच. पण २०२१ मध्ये पुन्हा लहान मुलांची स्पर्धा झाली तेव्हा ती पाचही जणं परीक्षक म्हणून बसली होती. हरलेली चारही.

दुसरी बाजूही बघायला हवी. २००८ मध्ये कोलकात्याच्या एका सोळा वर्षांच्या मुलीची बातमी देशभर आली होती. नाचाच्या कार्यक्रमात परीक्षक लागट बोलले आणि त्यानंतर तिची वाचा गेली, असं तिच्या घरच्यांचं म्हणणं होतं. अशा तक्रारींनंतर हळूहळू नियम आले. ते आपल्याला माहीत असायला हवेत. बालमजुरीच्या कायद्याचे २०१७ चे नियम सांगतात की चौदा वर्षांखालच्या कलाकार मुलाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. कार्यक्रम करणाऱ्यांनी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. मुलाच्या कमाईतले निदान वीस टक्के त्याच्या नावावर बँकेत मुदतठेवीत ठेवायचे. मुलाच्या मनाविरुद्ध काही करायला लावायचं नाही. २०१९ मध्ये सरकारनं वाहिन्यांना असंही सांगितलं की लहान मुलांना मोठ्यांच्या सिनेमातले अंगविक्षेप असलेले नाच करायला लावू नका.

आता आमच्या कर्जाकडे येतो. आम्ही कर्ज दिलं. पण दोन गोष्टी तपासून. पहिली, पैसे कोण मागतंय का? शेजारच्या गावात एका एजंटानं "फॉर्मचे" म्हणून अडीच हजार घेतले आणि नंतर फोन बंद केला. म्हणून आम्ही वाहिनीवरची जाहिरात नीट वाचली. ऑडिशनला फी नाही, असं तीत स्पष्ट लिहिलेलं होतं. म्हणजे खर्च फक्त एसटीचा, जेवणाचा आणि एका रात्रीच्या मुक्कामाचा. दुसरी गोष्ट, मुलीला स्वतःला जायचंय का? तिला आम्ही आईच्या माघारी विचारलं. ती म्हणाली, "जायचंय. पण मला हसतील तर तुम्ही टीव्ही बंद करा." आमच्या माना खाली गेल्या.

दोघी मायलेकी गेल्या. पहाटे पाचला रांगेत उभ्या राहिल्या, दुपारी दोनला नंबर आला. टीव्हीतले परीक्षक कुठंच नव्हते. एका खोलीत दोन तरुण मुलं बसली होती. मुलीनं एक कडवं म्हटलं, मिनिटभरसुद्धा झालं नसेल. "छान, थँक यू," एवढंच म्हणाले. निवड झाली नाही. येताना एसटीत ती खिडकीशी गप्प बसून होती, असं तिची आई सांगत होती.

पुढच्या बैठकीला आजी मुद्दाम तिच्या शेजारी बसल्या. स्वतःच्या पाकिटाची गोष्ट त्यांनी तिला पुन्हा सांगितली, सासूला मारलेल्या थापेसकट. तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

कर्ज चार हप्त्यांत फिटलं, नोंदवहीत तशी नोंद आहे. रविवारी आम्ही अजूनही ऑडिशन बघतो. मागं एक पोरगा कापऱ्या आवाजात गायला लागला आणि आमच्यातली एक जण सवयीनं फिसकन हसली. ती मुलगी लगेच म्हणाली, "काकू, तो पहाटेपासून उभा असंल."

तुमच्या गटातलं कुणी असं जाणार असेल, तर नियमांचा कागद आमच्याकडून जरूर मागून घ्या.