हार्ड डिस्क : क्लोनिंग आणि बॅकअप

संगणकाच्या डिस्कवरील कार्यप्रणाली, प्रोग्रॅम, सेटिंग आणि फाइली असे सर्व काही दुसऱ्या डिस्कवर जसेच्या तसे उतरवणे म्हणजे क्लोनिंग. तीच नक्कल एका मोठ्या फाइलीत बांधून ठेवली की तिला इमेज म्हणतात. बॅकअप म्हणजे ठरावीक काळाने घेतलेली आणि मूळ यंत्रापासून वेगळी ठेवलेली प्रत. क्लोन हा त्या एका दिवसापुरता असतो. महिन्याभराने चुकून पुसलेली फाइल त्यात सापडेलच असे नाही.

फिरती डिस्क काढून एसएसडी बसवताना क्लोनिंग फार सोयीचे ठरते, कारण विंडोज नव्याने टाकावे लागत नाही. युनिक्समधील ‘डीडी’ ही आज्ञा आणि तैवानमध्ये तयार झालेले मोफत ‘क्लोनझिला’ यांचा त्यासाठी वापर होतो. मूळ डिस्क कोणती आणि नवी कोणती, याची सुरुवातीलाच खात्री करून घ्यावी. उलट झाले तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. क्लोन झाल्यावर दोन्ही डिस्कची ओळखखूण एकच असते, म्हणून पहिल्यांदा एकच डिस्क जोडून संगणक सुरू करावा. खराब होत चाललेल्या डिस्कसाठी ‘डीडीरेस्क्यू’ वापरावे. ते आधी चांगला भाग उतरवून घेते आणि बिघडलेल्या भागाकडे नंतर वळते.

प्रत वेगळी का ठेवायची, हे 27 जून 2017 रोजी न्हावाशेवा बंदरात दिसले. युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरलेला ‘नॉटपेट्या’ हा विषाणू मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीच्या जगभरच्या संगणकांत शिरला आणि या बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामकाज कोलमडले. वापरकर्त्यांची ओळख आणि परवानग्या सांभाळणारे मर्स्कचे सुमारे 150 सर्व्हर एकमेकांची प्रत ठेवत होते. सर्व जोडलेले असल्याने ते एकदमच पुसले गेले. वाचला तो घानामधला एक, कारण तेव्हा तिथली वीज गेली होती. त्याचा डेटा नेटवरून पाठवायला कित्येक दिवस लागले असते, म्हणून डिस्कच माणसाच्या हाती नायजेरियामार्गे इंग्लंडला पोहोचवण्यात आली. कंपनीने पुढे 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे केले.

छोट्या उद्योगांनाही हेच लागू होते. उदाहरणार्थ, पुणे–अहिल्यानगर रस्त्याला चाकणचा रस्ता जिथे मिळतो, त्या शिक्रापूरच्या आसपास सणसवाडी ते रांजणगाव कारखान्यांचा पट्टा आहे. अशा भागातल्या छोट्या वर्कशॉपमध्ये टॅलीची खाती, जीएसटीची बिले आणि सीएनसी यंत्रांचे प्रोग्रॅम पुष्कळदा एकाच संगणकात असतात. तिथे धोका विषाणूपेक्षाही डिस्क बंद पडण्याचा आणि विजेच्या चढउताराचा. पुणे परिसरात देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार बहुधा गुरुवार. कारखान्याची सुट्टी म्हणून क्लोनिंगला तोच दिवस धरला असेल, तर यूपीएसशिवाय सुरुवात करू नये.

रूढ नियम 3-2-1 असा आहे : मूळ धरून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. छोट्या व्यावसायिकाने निदान रोजचा टॅलीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यावा आणि काम झाले की ती डिस्क काढून घरी न्यावी. सतत जोडलेली डिस्क मूळ संगणकाबरोबरच जाते. महिन्यातून एकदा बॅकअपमधला डेटा दुसऱ्या संगणकावर उतरवून, उघडून पाहावा.