खर्जावरचा हात

'गोवा ट्रान्स' हे नाव जगभर चालते आणि त्याचा आपल्याला अभिमान वाटतो, थोडी लाजही वाटते. नाव आपले, किनारा आपला. पण १९९० च्या दशकात हणजूण-वागातोरच्या माडांखाली ते संगीत वाजवणारे बहुतेक बाहेरचे. त्यातला सर्वांत प्रसिद्ध 'गोवा गिल' हा मूळचा कॅलिफोर्नियाचा. २०२३ साली तो वारला. आम्हा बार्देशकरांच्या वाट्याला त्या संगीतातला फक्त खर्ज आला. वारा फिरला की रात्री घरात 'ढुम ढुम' एवढेच यायचे. वरचे स्वर वाटेतच विरतात, खालचे मात्र भिंतींना नि झाडांना वळसा घालून पोचतात.

मी कला शाखेचा पदवीधर, दिवसभर कचेरीत फायली सरकवणारा. यंत्रांचे मला फारसे कळत नाही. पण त्या 'ढुम ढुम'मध्ये लोकांना रात्र रात्र नाचवणारे असते तरी काय, हा प्रश्न मनात राहिला. स्वर म्हणाल तर दोन-तीनच. ताल म्हणाल तर सरळ चार मात्रांचा, प्रत्येक मात्रेवर एक ठोका आणि दोन ठोक्यांच्या मध्ये खर्जाचे तीन तुकडे. एवढ्यावर माणूस पाच मिनिटांत कंटाळायला हवा.

उत्तराचा धागा मला सापडला तो सुरतेत. आपल्याला सुरत म्हटले की १६६४ ची लूट आठवते. आज तिथल्या उधना-लिंबायत भागात फिरलात तर खानदेशातून यंत्रमागावर कामाला गेलेल्यांची मराठी कानी पडते. माझी एक मावसबहीण उधन्याला असते, म्हणून नवरात्रात दोनदा तिकडे जाणे झाले. गरब्याच्या मैदानावर मंचासमोर गर्दी फार, म्हणून मी मागे मिक्सरवाल्या पोराशेजारी जाऊन उभा राहिलो आणि रात्रभर तिथेच रमलो.

एक गरबा संपून दुसरा सुरू व्हायच्या आधी हा पोरगा एक कळ हळूहळू डावीकडे फिरवायचा. खर्जाची ओळ तीच, स्वर तेच, पण आवाज गोधडीखालून आल्यासारखा दबून जायचा. मग कळ उजवीकडे उघडत न्यायचा. कोणी घोषणा केली नाही, गायक बोलला नाही, तरी हजारो पावलांना कळायचे की आता येतेय! विचारले तर म्हणाला, "फिल्टर छे, काका."

त्याने आणखी दोन गोष्टी दाखवल्या. ढोलाचा ठोका पडतो त्या क्षणी खर्ज किंचित खाली वाकतो आणि लगेच उठतो, म्हणजे दोघांची टक्कर होत नाही. हे काम कॉम्प्रेसर करतो. आणि खर्जाला तो थोडी करकर देत होता, मुद्दाम आवाज फाडत होता. याचे कारण गमतीचे आहे. लहान स्पीकरमधून पन्नास हर्ट्झचा स्वर निघतच नाही. पण तो फाडला की त्याचे शंभर, दीडशे, दोनशेचे उपस्वर तयार होतात आणि ते ऐकून आपला कान मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. तेवढा रिव्हर्ब मात्र तो खर्जाला लावू देत नव्हता. पन्नास हर्ट्झची एकच लहर जवळजवळ सात मीटर लांब असते. तिला घुमवत ठेवले की पुढचा ठोका चिखलात पडतो.

गरब्यात ही यंत्रे आजची नव्हेत. कल्याणजी-आनंदजींचे धाकटे भाऊ बाबला यांच्या 'डिस्को दांडिया'च्या कॅसेट १९८० च्या दशकात घरोघर वाजत. स्वतः कल्याणजींनी १९५४ च्या 'नागिन'मधली बीन क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवली होती. पण खर्जाच्या या कळीची गोष्ट सांगायची तर चरणजीत सिंग यांच्याकडे जावे लागते.

हे मुंबईच्या स्टुडिओतले वादक. बेस गिटार वाजवायचे, नवीन वाद्य दिसले की विकत घ्यायचे. त्या वाद्यवृंदांत आपले गोंयकार किती होते हे निराळे सांगायला नको; माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशनचे संयोजक सेबॅस्टियन डिसोझा ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. सिंग यांनी सिंगापुरातून रोलँड कंपनीची यंत्रे आणली: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ ही चंदेरी डबी. त्या तिघांवर त्यांनी १९८२ साली भैरव, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. एचएमव्हीने तबकडी काढली. ती चालली नाही.

३०३ ही डबी खरे तर एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून बनवलेली. सोळा घरांत स्वर भरायचे, ते फिरत राहतात. खऱ्या बेस गिटारसारखा आवाज तिला कधीच साधला नाही, म्हणून दोन-तीन वर्षांतच कंपनीने ती बंद केली. पण तिच्यावर एका ओळीत कळी होत्या. एक कळ स्वराचा वरचा भाग कापते, दुसरी त्या कापलेल्या कडेला धार आणते, तिसरी स्वर किती लवकर मिटायचा ते ठरवते. शिवाय एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जायची सोय होती. मींडच म्हणा ना! रागदारीत वाढलेल्या माणसाला ती डबी का आवडली असेल, याचे मला नवल वाटत नाही.

पुढे शिकागोत काही तरुणांना अशीच एक डबी स्वस्तात मिळाली. त्यांनी स्वर बदलण्याऐवजी ओळ फिरत ठेवली आणि कळीच पिरगाळत बसले. फ्यूचर या त्यांच्या गटाची 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही तबकडी १९८७ साली आली आणि 'अ‍ॅसिड हाउस' नावाचा प्रकार रूढ झाला. तोच चिरका, वळवळणारा खर्ज युरोपात पसरून प्रवाशांच्या टेपांवरून हणजूणला उतरला आणि गोवा ट्रान्सच्या अंगात शिरला.

२०१० साली सिंग यांची तबकडी हॉलंडमधून पुन्हा निघाली तेव्हा 'अ‍ॅसिड हाउस भारतात जन्मले' असा गाजावाजा झाला. मला हा दावा पटत नाही. शिकागोच्या पोरांनी ती तबकडी ऐकली असावी असे काहीच दिसत नाही. शिवाय सिंग यांचे सारे लक्ष रागावर, वरच्या चालीवर आहे. शिकागोवाल्यांनी चालच टाकून दिली. सिंग यांना पूर्वज म्हणा, बाप म्हणू नका. त्यांचे मोठेपण तेवढ्याने कमी होत नाही. सत्तरी ओलांडल्यावर परदेशातल्या मंचांवर त्यांनी ते राग पुन्हा वाजवले. २०१५ च्या जुलैत ते गेले.

मला जन्माच्या दाखल्यापेक्षा ती कळ महत्त्वाची वाटते, आणि ती पाहताना मला आठवले ते आपले घुमट. मातीचे मडके, मोठ्या तोंडाला कातडे, लहान तोंड उघडे. उजवा हात कातड्यावर बोल काढतो हे सगळे पाहतात. डावा हात लहान तोंड झाकतो, उघडतो, अर्धे मिटतो, तिकडे कोणी बघत नाही. मडक्यातली हवा कोंडली की बोल दबतो, सोडली की घुमतो. सुरतेच्या पोराने कळीने जे केले ते हेच. आमच्या वाड्यावर चवथीची आरती रंगते ती या डाव्या हातामुळे. शामेळ नि कासाळे चढत जातात, आणि एका क्षणी सगळी घुमटे एकदम उघडतात.

२०१९ साली घुमटाला राज्याचे वारसा वाद्य ठरवले गेले. घोरपडीच्या कातड्याला बंदी असल्याने आता बकऱ्याचे लावतात. आवाज थोडा बदलला, पण वाजवणाऱ्यांनी जमवून घेतले. अडते ते दुसरीकडे. मागे बार्देशातल्या एका घुमट आरती स्पर्धेला गेलो होतो. माईक सगळे कातड्यांसमोर लावलेले. शिट्टी वाजू लागली तसा ध्वनिव्यवस्थेवाल्याने खालचा सगळा भाग कापून टाकला. मी पुढच्या रांगेत होतो. म्हाताऱ्या घुमटकाराचा डावा हात उघडताना-मिटताना स्पष्ट दिसत होता, स्पीकरमधून मात्र नुसती टकटक येत होती. आरती संपल्यावर मी त्या ध्वनिवाल्याकडे गेलो आणि एक माईक मागच्या तोंडापाशी लावून बघ म्हटले. तो म्हणाला, पुढचे पथक उभे आहे, आता वेळ नाही.