खंबाटकी चढणारी चांदणी

सारोळ्यात मर्सिडीज आली ती ट्रक होऊन. हे सांगितलं की हल्लीची पोरं हसतात. त्यांच्या लेखी मर्सिडीज म्हणजे खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडून, काचा वर करून, नीरेच्या पुलावरून महाबळेश्वरकडं सुसाट जाणारी मोटार. ती सारोळ्याला थांबत नाही आणि तिला इथं थांबायचं काही कारणही नाही. मी मात्र हायवेच्या कडेला ग्रीसमध्ये हात घालून उभा जन्म काढला. माझ्या हाताला ठाऊक असलेली मर्सिडीज गुळाच्या ढेपा नाहीतर साखरेची पोती घेऊन पहिल्या गिअरमध्ये कण्हत खंबाटकी चढायची.

गावाची जागाच तशी आहे. पुण्याहून कात्रजचा घाट उतरला की खेड शिवापूर, नसरापूर फाटा, कापूरहोळ, किकवी करत रस्ता सारोळ्याला येतो. पुढं नीरा नदी, तिच्यापलीकडं शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा. मग खंडाळा आणि लगेच खंबाटकी. दोन घाटांच्या मधली सपाटी आमच्या वाट्याला आली. कात्रजला तापलेली गाडी इथं निवायची. ड्रायव्हर पाणी-ऑइल बघायचा, किन्नर चाकांवर हातोडी मारून हवा तपासायचा. तेव्हा खंबाटकीला बोगदा नव्हता. चढणारे आणि उतरणारे एकाच चिंचोळ्या रस्त्यावर समोरासमोर यायचे. वरून येणाऱ्याला वाट द्यायची तर चढणाऱ्यानं भर चढावर थांबायचं. थांबलेली गाडी भरल्या ओझ्यानिशी पुन्हा उठली पाहिजे. ट्रकची पत ठरायची ती इथं. शोरूममध्ये कोण काय बोलतो याला ड्रायव्हर मंडळी काडीची किंमत देत नसत.

मी 1971 च्या सुमारास उस्तादांच्या हाताखाली लागलो. त्या काळी रस्त्यावर फार्गो होत्या, डॉज होत्या, बेडफोर्ड होत्या, मद्रासकडच्या लेलँड होत्या. आणि पुढं नाक आलेले, जाळीवर तीन टोकांची चांदणी मिरवणारे टाटा मर्सिडीज होते. उस्ताद लांबून आवाजावर गाडी ओळखायचे. चांदणीची गाडी आली की म्हणायचे, “पोरा, हिला फार काही करायचं नाही. फक्त हिला उपाशी ठेवू नको आणि घाण पाजू नको.” म्हणजे ऑइल वेळेवर बदल आणि डिझेल गाळून घाल. माझं सगळं शिक्षण या एका वाक्यावर झालं असं म्हणायला हरकत नाही.

ही चांदणी आमच्याकडं आली कशी, हे मला पुष्कळ उशिरा, वाचून कळलं. टाटांची टेल्को 1945 साली निघाली ती रेल्वेची वाफेची इंजिनं करायला, जमशेदपूरला. 1954 मध्ये तिनं जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी ट्रकसाठी करार केला आणि त्याच वर्षी पहिला ट्रक कारखान्याबाहेर काढला. या साऱ्यामागं सुमंत मुळगावकर हे मराठी इंजिनिअर होते. मुंबईत जन्मलेले, लंडनला शिकलेले, आधी सिमेंटच्या धंद्यात नाव काढलेले. परदेशातून सुटे भाग आणून इथं नुसते जोडायचे आणि वर आपलं नाव लावायचं, असला धंदा त्यांना करायचा नव्हता. करार 15 वर्षांचा होता, आणि तेवढ्या काळात गाडीचे भाग एकेक करून इथंच होऊ लागले. 1960 च्या दशकात त्यांनी पिंपरीला कारखाना उभारायला घेतला. आधी माणसं आणि हत्यारं घडवायची, गाडी मागाहून, ही त्यांची रीत. मोठे साहेब ढाब्यावर ड्रायव्हर लोकांत बसून जेवायचे आणि गाडीच्या तक्रारी ऐकायचे, अशी एक कथा हायवेवर सगळीकडं सांगतात. खरी असेल तर बरंच आहे. खोटी असली तरी ड्रायव्हर लोकांना ती खरी वाटावीशी वाटली, यात त्या माणसाचं वजन कळतं.

1969 साली करार संपला. चांदणी उतरली, तिच्या जागी टाटांचा टी आला. काही ड्रायव्हरांनी सुरुवातीला नाकं मुरडली, जुनी चांदणीची गाडी म्हणजे अस्सल वगैरे. उस्तादांनी नव्या गाडीचं हेड उतरवून दाखवलं. आत काहीच बदललेलं नव्हतं. नावाचे आकडेसुद्धा जर्मन पद्धतीचेच राहिले. 1210 म्हणजे 12 टन आणि 100 हॉर्सपॉवरच्या घरातली गाडी. पुढं 1986 मध्ये 407 आली, ती 4 टन आणि 70 हॉर्सपॉवरच्या हिशेबाची. भोरच्या तांदळाची पोती पुण्याच्या मार्केट यार्डात नेणाऱ्या 407 वाल्याला या आकड्यांचा अर्थ माहीत नसायचा. त्याला तो गाडीचा नुसता लकी नंबर वाटे.

आता इंजिनाबद्दल थोडं बोलतो, कारण ख्यातीचं मूळ तिथंच आहे. त्या काळच्या बेंझच्या डिझेल इंजिनात तेल थेट सिलिंडरमध्ये मारत नसत. हेडमध्ये एक छोटा कप्पा असे, आधी तिथं मारायचं. तिथं ते पेट घेई आणि ज्वाळ खाली पिस्टनवर जाई. ही युक्ती बेंझ कंपनीत प्रोस्पर लोरांज नावाच्या इंजिनिअरनं 1909 मध्ये शोधली, आणि 1923 साली बेंझनं डिझेलवर चालणारा ट्रक रस्त्यावर आणला. या कप्प्यामुळं नोजलला फार दाब लागत नाही, ठोका मऊ पडतो आणि डिझेल थोडं हलकं मिळालं तरी इंजिन कुरकुरत नाही. जर्मनीत याचं काय कौतुक असेल ते असो. पत्र्याच्या पिपातून, फडक्यानं गाळून डिझेल भरणाऱ्या आमच्या मुलखाला तो कप्पा लाख मोलाचा ठरला. उणीव एकच. थंडीत अशी इंजिनं लवकर उठत नाहीत. नीरेकाठची पौषातली पहाट, सगळं धुकं. हीटर धरून अंग शेकेपर्यंत थांबायचं आणि मग सेल्फ मारायचा. घाई केली की बॅटरी बसली आणि मग चार माणसांनी धक्का मारायचा.

कंपनीच्या जुन्या इतिहासातली मला सगळ्यात भावलेली गोष्ट आहे एका बाईची. कार्ल बेंझनं 1886 मध्ये तीनचाकी मोटारीचं पेटंट घेतलं, पण लोक ते खेळणंच समजत. 1888 च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बेर्था, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन मानहाइमहून आपल्या माहेरी फोर्त्साइमला त्या गाडीतून गेली. अंतर शंभर किलोमीटरच्या वर, म्हणजे आपलं पुणे ते सातारा. वाटेत तेलाची नळी तुंबली ती तिनं टोपीच्या पिनेनं साफ केली. इंधन संपलं तेव्हा औषधाच्या दुकानातून सॉल्व्हंट विकत घेतलं. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. चढ आला की पोरं खाली उतरून ढकलायची. परत आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं, चढासाठी आणखी एक गिअर घाल. जगातली पहिली घाटाची तक्रार ती हीच असावी! रस्त्यावर पडलेल्या गाडीला मिळेल त्या वस्तूनं उठवणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. त्या बाईला मी मिस्त्रीच मानतो.

मर्सिडीज हे नाव दुसऱ्या घराण्यातलं. गॉटलिब डाइमलरच्या कंपनीचा एक श्रीमंत गिऱ्हाईक होता, एमिल येलिनेक. त्यानं शर्यतीसाठी जोरदार गाड्या मागवल्या आणि आपल्या मुलीचं नाव त्यांना दिलं. विल्हेल्म मायबाखनं आखलेली ती 35 हॉर्सपॉवरची गाडी 1901 मध्ये नीसच्या शर्यतींत सगळ्यांच्या पुढं गेली. चांदणी 1909 ची. तिची तीन टोकं म्हणजे जमीन, पाणी आणि आकाश. डाइमलर आणि बेंझ एक झाले ते 1926 मध्ये. याच मायबाख घराण्याच्या नावाची 1930 च्या दशकातली एक मोटार कोल्हापूरच्या छत्रपतींकडं आहे आणि शाही दसऱ्याला ती अजून निघते. मी तिला एकदा गर्दीत टाचा उंचावून पाहिलं. बाकीचे महाराजांकडं बघत होते, मी बोनेटकडं.

या ख्यातीला काळी बाजूही आहे आणि ती झाकून चालणार नाही. हिटलर मिरवायचा तो मोठ्या मर्सिडीजमधून. युद्धाच्या काळात कंपनीच्या कारखान्यांत सक्तीनं आणलेले मजूर, युद्धकैदी, छळछावण्यांतली माणसं राबत होती. 1944 मध्ये जवळपास निम्मे कामगार असे होते, हे कंपनीनंही नंतर मान्य केलं. लोखंड चांगलं असलं म्हणजे ते ठोकणाऱ्याचे हात चांगलेच असतात असं नाही.

आमच्या भोर-वेल्ह्याकडं मर्सिडीजचा दुसरा मुक्काम चांदणीशिवायच झाला. नवलमल फिरोदियांनी 1958 मध्ये हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीशी हात मिळवून बजाज टेम्पो काढली. आधी तीनचाकी, मग मॅटाडोर. पुढं ती जर्मन टेम्पो कंपनी हानोमागच्या आणि शेवटी डाइमलर-बेंझच्या पोटात गेली. 1980 च्या दशकात बजाज टेम्पोच्या आकुर्डीच्या गाड्यांत मर्सिडीजच्या परवान्यानं केलेलं चार सिलिंडरचं, 2.4 लिटरचं डिझेल इंजिन बसू लागलं. तिकडं जर्मनीत टॅक्सीवाल्यांच्या 240 डी मोटारीत होतं, तेच. ट्रॅक्समध्येही याच घराण्याचं इंजिन. 1987 ची ट्रॅव्हलर तर मर्सिडीजच्या व्हॅनवरच बेतलेली.

नसरापूरहून विंझर, मार्गासनीवरून वेल्ह्याला जाणारी वडापची ट्रॅक्स आठवा. आत दाटीवाटीनं माणसं, मागच्या पायरीवर दोघं-तिघं, टपावर कोंबड्यांची पाटी आणि खताची गोणी. एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक. मधला सगळा दिवस या गाड्यांचा. बाळंतीण भोरला, आजारी पुण्याला, नवरी सासरला, सगळं त्यातून. राजगड-तोरणा चढायला आलेली शहरातली पोरंही त्यातच कोंबली जायची. बोनेटखाली श्टुटगार्टच्या मर्सिडीजचं डोकं आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. ड्रायव्हर इंजिन उघडायचा तो फक्त फॅनबेल्ट तुटल्यावर. मी त्यातली कितीतरी इंजिनं बांधली. लायनर-पिस्टन बदलला, नोजल सेट केले, एअर काढली की पुन्हा पाच वर्षं बिनघोर. कधी कधी वाटतं, इतकं सोशिक इंजिन नसतं तर इतकी माणसंही कोंबली गेली नसती. चांगल्या यंत्राचे असेही दुष्परिणाम असतात.

मग 1994 मध्ये मर्सिडीज बेंझ इंडिया निघाली, टेल्कोच्याच भागीदारीत, आणि 1995 मध्ये पिंपरीच्या आवारातून ई-क्लास मोटार बाहेर पडली. चांदणी परत आली, पण ट्रकवरून उतरून मोटारीच्या बोनेटवर जाऊन बसली. 2009 पासून कारखाना चाकणला आहे. तिथून पुढं या नावाचा अर्थ आमच्याकडं पालटला तो पालटलाच. ऑक्टोबर 2010 मध्ये औरंगाबादच्या उद्योजक-व्यापारी मंडळींनी मिळून एकदम 150 मर्सिडीज घेतल्या, 65 कोटींच्या. त्यातल्या सुमारे 44 कोटींना स्टेट बँकेनं 7 टक्क्यांनी कर्ज दिलं. मराठवाड्यातला शेतकरी ट्रॅक्टरच्या कर्जाला याच्या दुपटीजवळ व्याज भरतो, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हा लिहून दाखवलं. मला त्या मंडळींचा हेवा वाटला नाही. कष्टानं कमावलं असेल, घ्यावी गाडी. पण जे नाव एके काळी माल वाहून मोठं झालं, ते माल वाहणाऱ्याच्या कर्जापेक्षा स्वस्त व्याजात मिळावं, हा हिशेब कुठल्याही मिस्त्रीला जुळवता येणार नाही.

आकुर्डीच्या कंपनीचं नाव 2005 पासून फोर्स मोटर्स झालं. मर्सिडीजच्या भारतातल्या मोटारींची इंजिनं बांधायचं काम 1997 पासून तिच्याकडंच आहे. आणि आता तर 2022 पासून चाकणला ईक्यूएस नावाची विजेवरची मर्सिडीजही तयार होते. आयटीआय झालेल्या माझ्या भाच्यानं मोबाइलवर तिचं चित्र दाखवलं. पंप नाही, नोजल नाही, गिअर नाही, हीटर धरायला नको. मी विचारलं, “खंबाटकीत मध्येच थांबवली तर उठते का?”

“मामा, पाय ठेवला की उठते.”

“आणि भार किती घेते?”

“पाच माणसं.”